विमानतळ राहू द्या, टिकणारं विमान आणा

जालन्याला विमानतळ हवा, ही पोस्ट परत फिरतेय. मंडळी, शेजारच्या नांदेडला काय झालं ते जरा आठवा. 27 एप्रिल 2017 ला 'उडान'ची पहिली विमानं सुटली, त्यात नांदेड-हैदराबाद होतं. कंपनी ट्रूजेट. तीच आपल्या चिकलठाण्याहूनही उडायची. फेब्रुवारी 2022 मध्ये तिची विमानं जमिनीवर आली. धावपट्ट्या जागेवरच आहेत!

उडान सुरू झाली तेव्हा हिशोब असा होता: तासाभराच्या प्रवासाला निम्म्या सीट 2500 रुपयांत द्यायच्या, तोट्याची भरपाई सरकार करणार, पण तीनच वर्षं. नॉर्वेत विडेरो ही कंपनी पार कोपऱ्यातल्या गावांना वर्षानुवर्षं जाते, कारण तिथलं सरकार मुदत संपली की परत टेंडर काढतं.

चिकलठाणा आपल्यापासून तासाभरावर. स्टीलवाले, बियाणेवाले तिथूनच जातात. त्यांना सकाळी मुंबईला नेऊन रात्री परत आणणारी, दर सीझनला वेळ न बदलणारी फ्लाइट पाहिजे. आणि विमानतळाच्या दारातून जालन्याला एसटी! रात्री टॅक्सीवाला जे भाडं सांगतो, त्यात वंदे भारतनं मुंबई होते.

नेते गावात आले की एवढंच विचारा: चौथ्या वर्षाचे पैसे कोण देणार?