उभ्याने कारकुनी

लंडनच्या दुमजली बसगाड्यांत चालक दिवसभर एका जागी बसून असे आणि वाहक जिन्यावरून चढउतार करीत तिकिटे देई, या वरकरणी क्षुल्लक भेदाकडे बारकाईने पाहून जेरी मॉरिस यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात, चालकांपेक्षा वाहकांना हृद्रोग कमी जडतो, असे दाखवून दिले, आणि बैठ्या व्यवसायाच्या दुष्परिणामांचा आधुनिक अभ्यास तेथूनच मार्गी लागला असे म्हणावयास हरकत नाही. मात्र तो वाहक नुसता उभा नव्हता, तो हिंडत होता. आणि उभ्याने काम करण्याच्या उंच मेजांचा जो पुरस्कार हल्ली पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांतून कानी पडतो, त्यात नेमका हाच तपशील गळालेला असतो.

मेज निरुपयोगी आहे, असा माझा दावा नाही. इंग्लंडातील लेस्टर येथील सरकारी रुग्णालयांच्या १४६ कर्मचाऱ्यांवर झालेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ज्यांना वरखाली करता येणारी मेजे मिळाली त्यांचे बसणे वर्षअखेरीस इतरांच्या मानाने दिवसाकाठी ८३ मिनिटांनी घटले, शिवाय थकवा कमी झाला व कामात मन अधिक लागू लागले, असे त्यांनी स्वतःच नोंदविले. पण या मंडळींना मेजाबरोबरच मार्गदर्शन आणि वेळोवेळी विचारपूसही लाभली होती, ही गोष्ट मेजांच्या जाहिरातीत सहसा येत नाही. टेक्सासमधील एका कॉल सेंटरात अशा मेजांवर काम करणाऱ्यांची उत्पादकता सुमारे ४५ टक्के अधिक आढळली, हा दाखला तर विक्रेत्यांच्या तोंडी सदैव असतो. परंतु तेथे कोणाला कोणते मेज द्यावे हे चिठ्ठ्या टाकून ठरविलेले नसल्यामुळे, यशाचे श्रेय मेजाचे किती आणि माणसांचे किती, याचा निवाडा त्या आकड्यावरून होत नाही. वजन उतरविण्याच्या आशेने उभे राहणाऱ्यांची तर निराशाच व्हावयाची, कारण बसण्याऐवजी सहा तास उभे राहिल्याने जी जादा ऊर्जा खर्ची पडते ती पन्नास-पंचावन्न कॅलरींच्या घरात, म्हणजे एका पोळीइतकीही नाही.

उलटपक्षी, अखंड उभे राहणे हीही एक व्याधीच आहे. इटालियन वैद्य रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर लिहिलेल्या ग्रंथात बैठ्या शिंप्यांची दुखणी जशी वर्णिली, तशीच उभ्याने राबणाऱ्यांच्या पायांतील फुगलेल्या शिरांचीही दखल घेतली होती. शरीराला जाच होतो तो एकाच स्थितीत जखडले जाण्याचा; म्हणून लाभ मेजाच्या उंचीत नसून स्थिती बदलण्याच्या मुभेत आहे. डोंबिवलीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत लोकलच्या गर्दीत तासाहून अधिक काळ ताटकळत आलेल्या कारकुनाला कचेरीत पाऊल टाकताच पुन्हा उभे राहण्याचा उपदेश करणाऱ्याच्या धैर्याची तारीफच केली पाहिजे! त्याला आधी खुर्ची द्यावी, आणि मग अर्ध्या-पाऊण तासाने तो पाणी प्यावयास उठला, तर वरिष्ठाने कपाळाला आठी घालू नये. या सवलतीला खर्च काहीच पडत नाही, आणि बहुधा म्हणूनच तिची तजवीज होत नाही.

ही मुभा ज्यांना मुळीच नाही त्यांच्याकडे तर आरोग्याच्या या चर्चेत कोणी वळूनही पाहत नाही. उभ्याने काम करणाऱ्या मजुरांसाठी बसण्याची सोय असावी, अशी तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमात होती. परंतु तिचा अंमल कारखान्याच्या फाटकापाशी थांबत असे. कापडदुकानांतून दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या स्त्रियांच्या चळवळीनंतर केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली दुकानविषयक कायद्यांत दुरुस्ती करून बसण्याचा हक्क लेखी मान्य केला. ज्या कचेरीचे व्यवस्थापक विजेवर वरखाली होणाऱ्या मेजांच्या खरेदीला आज मंजुरी देत आहेत, त्यांनी त्याच कागदावर दारातील पहारेकऱ्यासाठी एका स्टुलाची रक्कमही मांडावी, आणि त्यावर तो बसलेला दिसला म्हणून त्याचा पगार कापला जाणार नाही, असा हुकूमही सोबत जोडावा.