पोट दुखणारं मूल, गावचा डॉक्टर आणि फोनवरचा मानसोपचारतज्ज्ञ

दिवाळी झाली की नांदूरघाट परिसरातल्या वाड्यावस्त्यांवरून ट्रक आणि ट्रॅक्टर निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, परतत नाहीत. शाळेत जाणारी बरीच मुलं आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. त्यानंतरच्या काही आठवड्यांत माझ्या ओपीडीत एका ठरावीक प्रकारचे पेशंट वाढतात. वय दहा ते चौदा, तक्रार पोटदुखी, डोकेदुखी किंवा चक्कर, आणि तपासणीत काहीच सापडत नाही.

अशाच एका तेरा वर्षांच्या मुलीला (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) मी तीनदा ॲसिडिटीची गोळी आणि एकदा जंताचं औषध दिलं. चौथ्या वेळी आजी म्हणाली, "डॉक्टर, ती रातच्याला उठून बसती. जेवत बी नाही नीट. शाळंत तर पंधरा दिस झाले गेली नाही." हे मी पहिल्याच वेळी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण उत्तर मिळाल्यावर पुढे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. आमच्या वेळी एमबीबीएसला मानसोपचार विभागात दोन आठवड्यांची पोस्टिंग असायची. त्यात लहान मुलं जवळजवळ पाहायलाच मिळाली नाहीत.

तुम्ही म्हणाल, मग तज्ज्ञाकडे पाठवा. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे आणि मी तिथे पाठवतोही. पण आजीला नातीला घेऊन केजमार्गे जाऊन यायचं म्हणजे एक दिवस आणि मजुरी, दोन्ही जातं. शिवाय "पोरीला वेड्याच्या डॉक्टरकडे नेलं" ही बातमी त्यांच्याआधी गावात पोहोचते. दहा चिठ्ठ्या लिहिल्या तर दोन-तीन जण जातात, असा माझा अनुभव आहे.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातल्या 7.3 टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. (त्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हेही लक्षात ठेवा.) त्याच सर्वेक्षणानुसार देशात लाखभर लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पुरा पडत नाही. मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ तर त्याहून कितीतरी कमी आणि तेही मोठ्या शहरांत. म्हणजे या मुलांना आज जो डॉक्टर भेटतो तो गावातलाच असतो. एमबीबीएस असेल, पण आमच्या भागात बहुतेक वेळा बीएएमएस किंवा बीएचएमएस.

हेल्पलाइन आहे, मग अडचण काय?

10 ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची टेलिमानस सेवा सुरू आहे. क्रमांक 14416, चोवीस तास, मोफत. बेंगळुरूची निमहान्स ही संस्था तिची मुख्य मार्गदर्शक आहे. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, गरज पडली तर पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात. सेवा चांगली आहे, नंबर फोनमध्ये ठेवाच. पण ती तुमच्यासाठी आहे, म्हणजे ज्याला त्रास होतोय हे कळलं आहे त्याच्यासाठी. आमच्या या आजीला आजार पोटाचा वाटत होता. ती 14416 ला कशाला फोन करेल? ती माझ्याकडेच येणार. म्हणून फोनच्या दुसऱ्या टोकाला तज्ज्ञ हवा तो आधी मला.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने हे 2004 मध्ये ओळखलं. तिथे मुलांचा नेहमीचा डॉक्टर एका नंबरवर फोन करतो आणि साधारण अर्ध्या तासात बालमानसोपचारतज्ज्ञ त्याच्याशी बोलतो. उपचार मात्र तोच डॉक्टर करतो. पुढे इतर अनेक राज्यांनी ही पद्धत उचलली. आपल्याकडे निमहान्सने प्राथमिक केंद्रांतल्या डॉक्टरांच्या चालू ओपीडीत व्हिडिओवरून बसून, त्यांच्याच पेशंटवर शिकवण्याचा प्रयोग केला आहे. त्यात मुख्य भर मोठ्यांच्या आजारांवर आहे. सरकारी केंद्रांना ई-संजीवनीवरून डॉक्टर ते डॉक्टर सल्लाही घेता येतो. माझ्यासारखा खासगी डॉक्टर मात्र ओळखीपाळखीवर अवलंबून असतो.

मी माझ्या एका मानसोपचारतज्ज्ञ वर्गमित्राला फोन लावला. बोलणं बारा मिनिटं झालं. त्याने औषधाचं नाव घेतलंच नाही. मुलीशी आजीला बाहेर बसवून बोललास का? शाळेत किंवा घराजवळ कोणी त्रास देतं का? जीव नकोसा वाटतो का, हे सरळ विचारलंस का? घरात लग्नाचं काही चाललंय का?

शेवटच्या प्रश्नाला मुलगी रडली. आई-वडील फोनवर स्थळाबद्दल बोलताना तिने ऐकलं होतं. बीडमध्ये हे अपवादाने घडत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त स्त्रियांची लग्नं अठराच्या आत झालेली दिसली. कोयता म्हणजे जोडी, आणि मुलीला एकटं मागे ठेवायची भीती, ही कारणं इथे प्रत्येकाला माहीत आहेत.

पुढचं सगळं साधं होतं. मित्राच्या सल्ल्याने गोळी सुरू केली नाही. आजीला सांगितलं, पोरगी नाटक करत नाही, दुखणं खरं आहे. शाळा आधी अर्धा दिवस, दर आठवड्याला माझ्याकडे फेरी, पंधरा दिवसांनी पुन्हा मित्राला फोन. वडिलांशीही फोनवर बोललो. अठराच्या आत लग्न गुन्हा आहे, गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात आणि 1098 वर कुणीही कळवू शकतं, हे आवाज न चढवता सांगितलं. ते आधी चिडले, मग गप्प झाले.

या पद्धतीला मर्यादा आहेत. 2020 च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार एका डॉक्टरने दुसऱ्याचा सल्ला घेतला तरी जबाबदारी उपचार करणाऱ्याचीच राहते. म्हणून अनेक डॉक्टर या वाटेला जात नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. अतिचंचलतेवरचं मिथिलफेनिडेटसारखं औषध फोनवरच्या सल्ल्याने लिहिता येत नाही. जीव द्यायची भाषा, कीटकनाशकापर्यंत गेलेला हात, भास होणं, खाणं-पिणं पूर्ण बंद होणं, यात फोनवर थांबायचं नाही. मुलाला एकटं न सोडता त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं.

तुमच्या मुलाचं दुखणं तपासण्या नॉर्मल येऊनही महिनाभर चालू असेल, तर झोप, शाळा आणि जेवण यांत काय बदललं ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा. मुलाशी दोन मिनिटं एकट्याने बोलायला सांगा. "तुम्ही एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला फोनवर विचाराल का?" असंही विचारा. आम्हाला राग येत नाही. आलाच तर तो आमचा प्रश्न.

पट्टा पडल्यावर मुलीची आई तिला घेऊन दवाखान्यात आली. पोटदुखी महिन्यातून एखाद्या वेळी, शाळा चालू, लग्नाचं बोलणं थांबलेलं. निघताना आईने विचारलं, "आता पुढल्या दिवाळीला काय करावं?" मी म्हणालो, ट्रक यायच्या आधी आठवडाभर एकदा दाखवून जा. तारीख केसपेपरवर लिहून ठेवली आहे.