दुखणं राहील, दिवस सावरता येतील

कंबर आज बरी आहे, दिवाळी तोंडावर आली आहे, म्हणून माळ्यावरचे सगळे डबे एका दमात उतरवून घासायचे आणि पुढचे दोन दिवस अंथरूण धरायचं. जुनाट कंबरदुखी असलेल्या घरांना हे चक्र ओळखीचं आहे.

ते मोडायला शिकवता येतं, तेही ऑनलाइन. सिडनीच्या मॅक्वेरी विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी ‘पेन कोर्स’ तयार केला: आठ आठवडे, पाच धडे. दुखत नाही तोवर रेटायचं नाही, घड्याळ लावून थांबायचं. ओट्याशी दहा मिनिटं उभं राहिलं की पाच मिनिटं बसायचं आणि झेपेल तसा वेळ वाढवायचा. ‘आता माझ्याच्यानं काही होणार नाही’ हा विचार तपासून पाहायचा. शिकवणी अशी साधीच.

त्यांच्यातल्याच ब्लेक डिअर आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली या कोर्सची ४९० जणांवर केलेली चाचणी प्रसिद्ध केली. एका गटाशी तज्ज्ञ नियमित बोलत, दुसऱ्याशी गरज पडली तरच, तिसऱ्याशी जवळपास नाहीच. तिन्ही गटांना सारखाच फायदा झाला. वेदना सरासरी १२ टक्क्यांच्या आसपासच घटली, नैराश्य मात्र तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उतरलं. म्हणजे दुखणं फारसं हटलं नाही. त्यानं खचलेली माणसं सावरली. ‘आठ दिवसांत आराम’ छाप जाहिरातींपेक्षा हा हिशेब प्रामाणिक आहे.

अर्थात, हा कोर्स डॉक्टरांना पर्याय नाही. पायातली ताकद जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, ताप येत असेल किंवा कारण नसताना वजन घटत असेल, तर दुखणं अंगावर काढू नये. आधी तपासणी, मग धडे. घरातला फोन मुलाच्या खिशात असेल, तर त्या घरातल्या आजींपर्यंत हे धडे पोचणारही नाहीत. त्यांच्यासाठी आशाताई किंवा आरोग्य केंद्रातली परिचारिकाच हवी.

तरीही एकेका रुग्णाला तज्ज्ञाची थोडी मिनिटं पुरत असतील, तर वेदनातज्ज्ञ मोजकेच असलेल्या जिल्ह्यांना याहून स्वस्त उपाय कुठला? ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलण्याची सोय आहेच. तिच्या जोडीला मराठीतले, ऐकता येतील असे धडे तयार करून घेण्याचं काम राज्याच्या आरोग्य खात्यानं एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे सोपवावं आणि आधी एका तालुक्यात त्यांचा पडताळा घ्यावा.