जमेची बाजू

अमेरिकेतील विद्यापीठांत सहायक प्राध्यापकपदासाठी अर्ज करणाऱ्या तरुण संशोधकाला संशोधनाचा आराखडा, अध्यापनविषयक भूमिका आणि शिफारसपत्रे द्यावी लागतात. गेल्या दशकात अनेक ठिकाणी त्यांत आणखी एका कागदाची भर पडली. तो कागद म्हणजे ‘डायव्हर्सिटी स्टेटमेंट’, अर्थात विविधताविषयक निवेदन. निरनिराळ्या परिस्थितीतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी उमेदवाराने आजवर काय केले आणि पुढे काय करणार, हे त्या एक-दोन पानांत सांगायचे असते. व्यापारी घरांतून तिकडे जाऊन पीएच.डी. झालेल्या मुलामुलींपुढेही हा कागद येतो आणि पुष्कळदा लेखणी तेथेच अडते.

कागद लहान असला तरी त्याचे वजन मोठे ठरले आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेत २०१८-१९ साली जीवशास्त्रांच्या भरतीत ८९३ पात्र अर्जांपैकी ६७९ अर्ज केवळ या निवेदनाच्या आधारे पहिल्याच फेरीत बाद झाले. तेथील गुणदानाचे निकष तीन होते : विषयाची जाण, प्रत्यक्ष केलेले काम आणि पुढील योजना. प्रत्येकास कमाल पाच गुण. ‘मी सर्वांना सारखेच वागवतो’ एवढेच म्हणणाऱ्या उमेदवारास कमी गुण मिळत. समभाव शिकलेल्या मनाला हे विचित्र वाटते. परंतु घरात प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या विद्यार्थ्याची अडचण ओळखून त्याला वेगळा आधार दिला काय, असा त्यामागील प्रश्न होता.

दुसरा गैरसमज ओळखीविषयीचा. भारतात जैन समाजाला २०१४ साली राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. म्हणून तेवढे नमूद केले की निवेदन झाले, असे नव्हे. हा कागद म्हणजे दाखला नाही. आपण कोण, यापेक्षा आपण काय केले, याची तेथे विचारणा असते.

खरी कसोटी यापुढे आहे. एखाद्या संशोधिकेने मायदेशी असताना दुकानातील हमालाच्या मुलीला दोन वर्षे गणित शिकवले, असे समजू. गुप्तदानाच्या संस्कारात वाढल्यामुळे तिला ते लिहिणे म्हणजे आत्मप्रौढी वाटते. ते काम ती वगळते आणि रिकाम्या जागी ‘समावेशकता’, ‘सामाजिक न्याय’ असे मोठे शब्द मांडते. क्वचित न केलेल्या कार्याचाही मोह होतो. नसलेली रक्कम जमेस धरणे जसे खोटे, तसेच आलेली रक्कम न लिहिणेही हिशेबातील चूकच. जी संस्था आपले विद्यार्थी तिच्या हाती सोपवणार, तिला हा हिशेब मागण्याचा अधिकार आहे. त्या मुलीचे नाव न सांगता, काय शिकवले, कोठे चुकले आणि शिकवण्याची रीत कशी बदलली, एवढे साध्या वाक्यांत लिहिले तर त्यात प्रौढी उरत नाही.

या निवेदनांवर टीकाही पुष्कळ झाली. डेव्हिस येथील गणितज्ञ अबिगेल थॉम्पसन यांनी २०१९ साली जाहीर आक्षेप घेतला की, अशाने उमेदवाराच्या राजकीय मतांची परीक्षा होते. टेक्सास राज्याने २०२३ मध्ये सरकारी विद्यापीठांत त्यांना कायद्याने मनाई केली. एमआयटीने २०२४ मध्ये आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२५ मध्ये ही अट काढून टाकली. ज्यांनी केवळ शब्द जमवले होते, त्यांचा तो कागद आता निरुपयोगी झाला. ज्यांनी काम केले होते, त्यांना अध्यापनाच्या निवेदनात आणि मुलाखतीतही सांगण्यासारखे काही आहे.

म्हणून अर्जाच्या आदल्या रात्री शब्द शोधण्यापेक्षा आजच एखाद्या अडलेल्या विद्यार्थ्यासाठी आठवड्यातील एक तास राखून ठेवावा. अटी येतील आणि जातील. त्या विद्यार्थ्याला समजलेले गणित मात्र त्याच्यापाशी राहील.