माउस तुमचा, तर सेटिंगही तुमचंच हवं

गेमिंग माउसच्या खोक्यावर सगळ्यांत मोठ्या अक्षरात छापलेला असतो तो डीपीआयचा आकडा. १६,०००, २५,६००, आता तर ३०,०००च्याही पुढे. जितका आकडा मोठा तितका माउस भारी, असं समजून लोक पैसे मोजतात. घरी आल्यावर वायर जोडतात, रंगीत दिवे लागले की खूश होतात आणि सेटिंगकडे ढुंकूनही पाहत नाहीत. खरं तर अशा माउसचे जास्तीचे पैसे वसूल होतात ते सेटिंगमध्येच.

डीपीआय म्हणजे माउस एक इंच सरकला की तो संगणकाला किती पावलं कळवतो, तो आकडा. विंडोजचा नेहमीचा वेग धरला, तर ८०० डीपीआयवर १९२० पिक्सेल रुंदीचा स्क्रीन पार करायला माउस साधारण सहा सेंटिमीटर सरकवावा लागतो. १६,०००वर तेच काम तीन मिलिमीटरमध्ये होतं. तीन मिलिमीटरमध्ये नेम धरणं कुठल्या मनगटाला जमेल? म्हणूनच ‘काउंटर-स्ट्राइक’ या नेमबाजीच्या गेमचे व्यावसायिक खेळाडू महागडे माउस वापरत असले, तरी त्यातले बरेचजण डीपीआय ४०० किंवा ८०० वर ठेवतात. गेममधल्या पात्राने स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घ्यावी यासाठी माउस किती सेंटिमीटर सरकवावा लागतो, हे माप ते जपतात. माउस बदलला तरी हे माप बदलू देत नाहीत.

पोलिंग रेटचंही तसंच. साधा माउस सहसा सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांनी, आपली जागा कळवतो. गेमिंग माउस १,००० वेळा, म्हणजे दर मिलिसेकंदाला. इथवरचा फरक घेण्यासारखा आहे. ८,०००वर गेलं की एका मिलिसेकंदाहूनही कमी वेळ वाचतो आणि प्रोसेसरवरचा भार मात्र वाढतो.

विंडोजमधली ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ ही खूण तर आधी काढावी. ती चालू असली की हात जोरात फिरवल्यावर कर्सर जास्त लांब जातो आणि हळू फिरवल्यावर कमी. अंतर तेच, पण परिणाम दर वेळी वेगळा. मग हाताला सवय लागणार कशाची?

बटणांची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. रेझर कंपनीने २००९मध्ये ‘नागा’ हा माउस आणला, तेव्हा त्याच्या अंगठ्याकडच्या बाजूला बारा बटणं होती. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’सारख्या गेममध्ये डझनावारी मंत्र आणि शस्त्रं हाताशी लागतात, त्यांच्यासाठी ती रचना होती. पण बटणाला आपल्याला हवं ते काम देण्याची सोय गेमपुरती थांबत नाही. डीटीपी करणारा कॉपी-पेस्ट अंगठ्यावर आणू शकतो, व्हिडिओ संपादक ‘कट’ची आज्ञा. डावखुऱ्या माणसाला डावं-उजवं बटण अदलाबदल करून मिळतं. एखादं बोट दुखत असेल किंवा नीट चालत नसेल, तर त्याचं काम दुसऱ्या बोटाकडे देता येतं. अशा माणसासाठी ही चैन नाही, गरज आहे.

मॅक्रोच्या, म्हणजे एकाच बटणावर अनेक आज्ञा बसवण्याच्या, बाबतीत मात्र मर्यादा हवी. एक बटण दाबून ओळीने चार आज्ञा सुटत असतील, तर तिथे कौशल्य खेळाडूचं राहत नाही. ऑगस्ट २०२४मध्ये व्हॉल्व्ह या गेम कंपनीने काउंटर-स्ट्राइक २च्या आपल्या अधिकृत सर्व्हरवर अशा स्वयंचलित युक्त्यांना मनाई केली आणि त्या वापरणाऱ्याला सामन्यातून बाहेर काढायला सुरुवात केली. हा निर्णय योग्यच होता. बटणाची जागा बदलणं वेगळं आणि बटणाने खेळाडूच्या वतीने खेळणं वेगळं.

खरा वाद आहे तो ही सेटिंग ठेवायची कुठे याचा. २०१२मध्ये रेझरच्या ‘सिनॅप्स २.०’ सॉफ्टवेअरसाठी ऑनलाइन खातं उघडणं सक्तीचं होतं. कंपनीचे सर्व्हर अडले तेव्हा नवा माउस घेतलेल्या ग्राहकाला त्याची सेटिंगच करता येईना. मोठी ओरड झाली. पुढे खात्याशिवाय सॉफ्टवेअर वापरण्याची सोय आली, पण शेकडो मेगाबाइटची, सतत मागे चालू राहणारी सॉफ्टवेअरं या बाजारात आजही आहेत. याला उत्तर जुनंच आहे: माउसच्या आतली मेमरी. लॉजिटेकच्या जी५०२सारख्या माउसचं प्रोफाइल, म्हणजे आपण ठरवलेल्या सेटिंगचा संच, माउसमध्येच साठतं. ते एकदा भरलं की कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा मित्राच्या संगणकावर काहीही न टाकता बटणं आपल्या मनासारखी चालतात. लिनक्सवर ‘पायपर’ नावाचं मोफत, मुक्त सॉफ्टवेअर अनेक कंपन्यांच्या माउसची अशी प्रोफाइल बदलून देतं. म्हणजे खातं आणि इंटरनेट यांच्यावाचून हे काम होऊ शकतं, हे सिद्धच झालेलं आहे.

म्हणून डीपीआयच्या आकड्याशेजारी आणखी दोन गोष्टी खोक्यावर छापणं कंपन्यांना बंधनकारक असावं: माउसच्या आत किती प्रोफाइल साठतात आणि सेटिंग बदलायला खातं लागतं का. तोवर ग्राहकाने पैसे देण्याआधी हेच दोन प्रश्न दुकानदाराला विचारावेत आणि दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं, तर दुसरा माउस दाखवायला सांगावं.