वही घेऊन येणारे पाहुणे

आमच्या कळंबच्या बाजूला पाहुण्यांचे प्रकार ठरलेले आहेत. लग्नकार्याला येणारा एक, निवडणुकीत येणारा दुसरा, पावसाळ्यात धबधबे पाहायला येणारा तिसरा, आणि जमिनीचा तुकडा पाहण्यासाठी मोटारीतून उतरणारा चौथा. या सर्वांखेरीज आणखी एक पाहुणा असतो. तो हातात वही घेऊन येतो. ठाकरवाडीत किंवा कातकरवाडीत जातो आणि प्रश्न विचारतो. घरात माणसे किती? चूल कशावर पेटते? वीटभट्टीच्या मालकाकडून उचल किती घेतली? मूल वारले तेव्हा किती महिन्यांचे होते? उत्तरे वहीत (हल्ली मोबाइलमध्ये) उतरवली जातात, आणि पाहुणा नेरळहून सुटणारी गाडी गाठतो. त्या उत्तरांचे पुढे काय झाले, हे वाडीला कधीच कळत नाही.

मी कळंबची आहे आणि या महाविद्यालयात इतिहास शिकते. त्यामुळे या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना माझा पाय आहे. ज्यांना प्रश्न विचारले जातात त्यांच्या शेजारी मी वाढले, आणि उद्या प्रश्न विचारणाऱ्यांच्या रांगेत मला उभे राहायचे आहे. म्हणून अशाच वही घेऊन आलेल्या एका पाहुणीविषयी लिहावेसे वाटते. ती अमेरिकेतून आली होती आणि परत गेली नाही.

गेल ऑम्व्हेट यांचे नाव आपल्या प्राध्यापकांना नवे नाही. विद्यार्थ्यांपैकी किती जणांना ते ठाऊक आहे, याविषयी मात्र मला शंका आहे. १९४१ साली मिनिआपोलिस येथे त्यांचा जन्म झाला. १९६३ मध्ये फुलब्राइट योजनेखाली त्या प्रथम भारतात आल्या. मग बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्या पुढील शिक्षण घेऊ लागल्या. तो काळ डोळ्यांसमोर आणा! १९६४ साली भाषणस्वातंत्र्यासाठी विद्यार्थ्यांचे आंदोलन पेटले ते हेच विद्यापीठ. व्हिएतनामच्या युद्धाला विरोध, काळ्या लोकांच्या हक्कांची चळवळ, स्त्रियांच्या मुक्तीचा विचार, या सर्वांनी तिथली तरुण पिढी ढवळून निघाली होती. गेलबाई त्या पिढीच्या होत्या आणि त्या चळवळींत होत्या. १९७० च्या सुमारास प्रबंधाच्या कामासाठी त्या पुन्हा महाराष्ट्रात आल्या, त्या हा सारा वारसा बरोबर घेऊनच.

आता अशा विद्यार्थिनीपुढे एक सोपी वाट असते. आपल्या देशातली घोषणा परदेशात आणायची, तिथल्या लोकांना ती शिकवायची आणि त्यांनी ऐकले नाही तर त्यांना मागासलेले ठरवायचे. गेलबाईंनी ती वाट धरली नाही. त्यांनी आधी मराठी शिकून घेतली. मग त्यांनी शोध घेतला तो इथल्याच बंडखोरांचा. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळ, १८७३ ते १९३०. १८७३ हे सत्यशोधक समाजाच्या स्थापनेचे वर्ष, हे सांगायला नकोच.

त्या वेळी या विषयाकडे पाहण्याची रीत कशी होती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात फुल्यांना समाजसुधारकांच्या यादीत एक ओळ मिळे; ब्राह्मणेतर चळवळ म्हणजे जातीय भांडण, असे म्हणून तिची बोळवण होई. साधने नव्हती असे नाही. १८७७ साली सुरू झालेले ‘दीनबंधु’ होते. मुकुंदराव पाटलांनी खेड्यातून चालवलेला ‘दीनमित्र’ होता. महात्मा फुल्यांचे समग्र वाङ्मय राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने १९६९ मध्येच प्रसिद्ध केले होते. हे सारे मराठीत होते, आपल्या हाताशी होते. ते वाचून त्यात एका मोठ्या सांस्कृतिक बंडाचा धागा आहे, असे सांगणाऱ्यांत सात समुद्रांपलीकडून आलेली एक विद्यार्थिनी असावी, याचा आनंद मानावा की खेद? मला तर दोन्ही वाटते.

१९७३ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली आणि १९७६ मध्ये तो प्रबंध मुंबईत पुस्तकरूपाने निघाला. बहुतेकांचा प्रवास इथे संपतो. पदवी हाती आली की परतीचे तिकीट काढायचे! गेलबाईंनी १९७६ सालीच भारत पाटणकर यांच्याशी लग्न केले आणि सांगली जिल्ह्यातल्या वाळवे तालुक्यातील कासेगाव हे त्यांचे घर झाले. सासूबाई इंदुताई पाटणकर म्हणजे स्वातंत्र्यलढ्यात आणि पुढे परित्यक्ता स्त्रियांच्या चळवळीत काम केलेल्या कार्यकर्त्या. १९८३ मध्ये गेलबाईंनी भारताचे नागरिकत्व घेतले. श्रमिक मुक्ती दलाचे काम, दुष्काळी भागातील पाण्याच्या समान वाटपाची चळवळ, स्त्रियांचे लढे, आणि या सर्वांच्या जोडीला अखंड लेखन, असे त्यांचे आयुष्य गेले. २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावातच त्यांचे निधन झाले.

हे सांगितले की आपल्याकडे एक आक्षेप हमखास येतो. संशोधकाने बाजू घेतली की त्याचे संशोधन संपले. तो प्रचारक झाला! आक्षेप हलका नाही. आंधळ्या भक्तीने लिहिलेले इतिहास आपण खूप वाचले आहेत. पण गेलबाईंच्या बाबतीत काय दिसते? ज्या चळवळीवर त्यांचे प्रेम होते तिच्या मर्यादाही त्यांनी तपासल्या. आणि पुढेही आपल्या बाजूच्या माणसांना न रुचणारे बोलायला त्या कचरल्या नाहीत. १९९९ मध्ये नर्मदेच्या धरणाविषयी अरुंधती रॉय यांनी लिहिले, तेव्हा गेलबाईंनी त्यांना उघड पत्र लिहून मतभेद मांडले. दुष्काळी भागातल्या शेतकऱ्याला पाणी हवे आहे, त्याचे काय, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. तो पटो वा न पटो. पण बाजू घेणे म्हणजे डोळे मिटून घेणे नव्हे, एवढे त्यावरून सिद्ध होते. उलट मी असे म्हणेन की, ज्याला त्या लोकांतच उद्या राहायचे आहे त्याला खोटे लिहिणे महाग पडते. परत जाणाऱ्याला कोण विचारणार?

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. प्रत्येक संशोधकाने आपला देश सोडावा आणि खेड्यात संसार थाटावा की काय? तसे कोण म्हणतो! एलिनॉर झेलियट यांचे उदाहरण पाहा. डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ या विषयावर त्यांनी १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रबंध लिहिला. त्या अमेरिकेतच राहिल्या. ज्या कार्लटन कॉलेजात गेलबाई पूर्वी शिकल्या होत्या, तिथेच त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले. पण त्यांनी हा विषय आणि ही माणसे सोडली नाहीत. मुल्कराज आनंद यांच्यासह त्यांनी संपादित केलेला दलित साहित्याचा इंग्रजी संग्रह १९९२ मध्ये निघाला आणि मराठी दलित कवी जगातल्या वाचकांपुढे गेले. तिसरे उदाहरण फलटणचे. मॅक्सीन बर्नसन या फलटणच्या बोलीचा भाषाशास्त्रीय अभ्यास करायला आल्या. लोकांची बोली तपासता तपासता त्या बोलीतून येणाऱ्या मुलांच्या शाळेकडे वळल्या, आणि फलटणमध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली. म्हणजे ऋण फेडण्याच्या वाटा अनेक आहेत. ऋण आहे, हे मान्य असले म्हणजे झाले.

इथे एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे, नाहीतर हा लेख परदेशी पाहुण्यांची आरती होऊन बसेल. ही वाहतूक एकेरी आहे. अमेरिकेतली मुलगी शिष्यवृत्ती घेऊन आपल्या चळवळींचा अभ्यास करायला येऊ शकते. कळंबजवळच्या कातकरवाडीतली मुलगी मिनिआपोलिसच्या शेतकऱ्यांवर प्रबंध लिहायला कधी जाणार? ती दहावीपर्यंत पोहोचली तरी वाडीत कौतुक होते, कारण दिवाळी सरली की तिचे आईबाप भट्टीवर निघतात आणि शाळा मागे राहते. आपल्यापैकी एक महापुरुष मात्र ही वाट उलट्या दिशेने चालून गेला. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ मध्ये तिथल्या विद्वानांपुढे त्यांनी निबंध वाचला तो भारतातल्या जातींवर. परदेशात बसूनही त्यांची नजर घरच्या दुखण्यावर होती, आणि तिथे मिळवलेली विद्या त्यांनी इथे आणून खर्च केली. प्रश्न विचारण्याचा अधिकार फक्त गोऱ्या पाहुण्याचा नाही, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे.

मग आपण काय करतो? मित्रहो, हा प्रश्न मी आपल्याच महाविद्यालयाला विचारते आहे. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रकार्याला श्रेयांक आहेत. म्हणजे यापुढे आपल्यातले अनेक जण वही घेऊन वाड्यांवर जाणार. आदिवासींची पाहणी, स्थलांतराची पाहणी, आहाराची पाहणी! कळंबच्या बाजारपेठेपासून वाडी तीन-चार किलोमीटरवर असते. पण तिथे चप्पल काढून ओटीवर बसणारे, दिलेले पाणी पिणारे, कातकऱ्याच्या बोलीतले चार शब्द ओळखणारे आपल्यात किती निघतील? मिनिआपोलिसहून कासेगावला पोहोचलेली बाई घरची होते, आणि कळंबहून वाडीवर गेलेला विद्यार्थी ‘सायेब’ होऊन परत येतो. मग परके कोण, हे पारपत्र पाहून कसे ठरवायचे?

नुसती टीका करून थांबणे बरे नव्हे, म्हणून तीन सूचना करते. पहिली अशी की प्रकल्प मराठीत लिहावा, आणि प्राध्यापकांच्या टेबलावर ठेवण्यापूर्वी तो वाडीत बसून वाचून दाखवावा. आपल्याविषयी काय लिहिले आहे हे ऐकून एखादी म्हातारी म्हणेल, ‘पोरी, असं नव्हतं गं ते’. ती दुरुस्ती कोणत्याही परीक्षकाच्या शेऱ्याहून मोलाची आहे. दुसरी अशी की जिथे प्रश्न विचारले तिथले एक तरी काम तडीस न्यावे. कोणाचा जातीचा दाखला अडला असेल, कोणाची शिधापत्रिका नसेल, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली कोणाचा दावा धूळ खात असेल. आपल्याला अर्ज लिहिता येतो, ही आपली केवढी मोठी विद्या आहे! तिसरी सूचना प्राध्यापकांना आहे. दरवर्षी नवी वाडी शोधू नये. पाच वर्षे एकाच वाडीत विद्यार्थी पाठवावेत. पहिल्या वर्षीच्या वहीतली मुलगी पाचव्या वर्षी शाळेत आहे की भट्टीवर, हे ज्या अभ्यासात दिसेल त्याला खरा अभ्यास म्हणावे.

आणि विषयांचे म्हणाल तर ते शोधायला कुठे जावे लागणार आहे? माथेरानमध्ये १९१२ साली जन्मलेले विठ्ठलराव कोतवाल कायदा शिकले होते. काळा कोट घालून ते सुखाने राहू शकले असते. त्यांनी सावकारी पाशातल्या शेतकऱ्यांसाठी धान्याची कोठारे काढली. १९४२ मध्ये आझाद दस्ता उभारला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि मानिवलीचे हिराजी पाटील हुतात्मे झाले. आपण दरवर्षी त्यांना हार घालतो. पण त्यांना भाकरी पोहोचवणारी, वाटा दाखवणारी, त्यांच्यापायी मार खाणारी माणसे आपल्याच खोऱ्यातली होती. त्यांच्या आठवणी आता त्यांच्या मुलानातवंडांच्या तोंडी उरल्या आहेत. त्या टिपून घ्यायला कोणी बर्कलीहून यावे, याची आपण वाट पाहत बसणार आहोत काय?

गेलबाईंनी आपल्याच भाषेतली जुनी पाने उलटून आपला इतिहास आपल्यापुढे ठेवला. त्याबद्दल कृतज्ञ राहावे. पण ती कृतज्ञता स्मृतिदिनाच्या भाषणात संपू नये. आपल्या खोऱ्यातली पाने अजून उलटायची आहेत, आणि त्यासाठी लागणारी भाषा आपल्याला आईच्या कुशीतच मिळाली आहे.