जोगेंद्रनाथ मंडल : अर्ध्यावर तोडलेली गोष्ट

जोगेंद्रनाथ मंडल हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना कॉलेजात भेटले नाही, मोबाइलवर भेटले. तेही एका ठरलेल्या साच्यात. एक दलित पुढारी मुस्लिम लीगच्या नादी लागला, पाकिस्तानचा पहिला कायदामंत्री झाला आणि तीन वर्षांत हताश होऊन भारतात परतला, घ्या धडा. नागरिकत्व दुरुस्ती कायद्यावरून देश तापला होता तेव्हा, फेब्रुवारी २०२० मध्ये, पंतप्रधानांनीही संसदेत हे नाव घेतले. मतदानाच्या दिवसांत दलित आणि मुसलमान जवळ येताना दिसले की हा संदेश पुन्हा फिरू लागतो.

या संदेशातली गोष्ट खोटी नाही, पण ती अर्धी आहे. पहिले पान आणि शेवटचे पान फाडून ती सांगितली जाते, कारण त्या दोन्ही पानांवर आरोपी वेगळा आहे.

पहिले पान बारिसालचे. आजच्या बांगलादेशातल्या या जिल्ह्यात, मैस्तारकांदी गावी २९ जानेवारी १९०४ रोजी मंडल जन्मले. जात नमशूद्र. भाताची शेती करणारा, नावा चालवणारा हा समाज पूर्व बंगालात लाखोंनी होता. सवर्ण बंगाली त्यांना ‘चांडाल’ म्हणत. या समाजाने १८७२-७३ मध्ये फरीदपूर भागात वरच्या जातींची कामे करणेच बंद केले होते. पुढे जनगणनेत ‘नमशूद्र’ हे नाव लावून घेण्यासाठीही त्यांना झगडावे लागले. हरिचांद आणि गुरुचांद ठाकूर यांच्या मतुआ चळवळीने त्यांना स्वाभिमान दिला. गुरुचांदांचा सारा भर शाळेवर होता. मंडल हे त्या मशागतीचे पीक. १९३४ मध्ये ते कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि १९३६ मध्ये बारिसालला वकिली करू लागले.

लगेच १९३७ ची निवडणूक आली. पुणे करारानंतर बंगालच्या विधानसभेत अनुसूचित जातींसाठी ३० जागा राखीव होत्या. मंडल राखीव जागेवर उभे राहिलेच नाहीत. सर्वसाधारण जागेवर अपक्ष उभे राहून त्यांनी काँग्रेसचे सरलकुमार दत्त यांना हरवले. दत्त हे बारिसालचे थोर पुढारी अश्विनीकुमार दत्त यांचे पुतणे. ‘राखीव जागा नसती तर हे निवडून आले असते का,’ असे तिरकस बोलणे ज्यांनी कॉलेजात आणि ऑफिसात ऐकले आहे, त्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

सुरुवातीला मंडल सुभाषबाबू आणि शरदबाबू बोस यांच्या जवळ होते. मग लीगकडे का गेले? १९४३ मध्ये ख्वाजा नाझिमुद्दीन यांना सरकार बनवायला मते हवी होती. अनुसूचित जातींच्या २१ आमदारांनी पाठिंबा दिला, पण अटी घालून. मंत्रिमंडळात तीन मंत्री, अनुसूचित जातींच्या शिक्षणासाठी दरवर्षी पाच लाख रुपये आणि सरकारी नोकऱ्यांत ठरलेल्या प्रमाणाची काटेकोर अंमलबजावणी. या अटी पुन्हा वाचा. त्यात देव नाही, धर्म नाही. शिष्यवृत्ती, नोकरी आणि सत्तेतला वाटा आहे. मंडल यांचा हिशेब सरळ होता. बंगालचा नमशूद्र आणि बंगालचा मुसलमान दोघेही बहुतांशी शेतकरी आणि मजूर, दोघेही शिक्षणात मागे. जमीनदार, सावकार आणि वकील बहुधा सवर्ण हिंदू. याला ‘नादी लागणे’ म्हणायचे असेल, तर काँग्रेसने त्यांच्यापुढे याहून चांगला कोणता प्रस्ताव ठेवला होता, तेही सांगावे लागेल.

त्याच वर्षी त्यांनी बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची बंगाल शाखा उभी केली. १९४६ च्या निवडणुकीत फेडरेशनचा देशभर धुव्वा उडाला; बंगालमध्ये एकटे मंडल निवडून आले. मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवण्याइतकी मते उरली नव्हती. तेव्हा मंडल यांनी बंगालच्या आमदारांची मते जमवली आणि जुलै १९४६ मध्ये बाबासाहेब बंगालमधून संविधान सभेवर गेले. फाळणीने ती जागा गेली आणि १९४७ च्या जुलैत ते मुंबईतून पुन्हा निवडून आले. पण पहिला दरवाजा उघडला तो बारिसालच्या या वकिलाने. महाराष्ट्रातल्या किती जयंत्यांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते?

मंडल बंगालच्या फाळणीच्या विरोधात होते. प्रांत तुटला तर नमशूद्रांची वस्ती दोन्हीकडे अल्पसंख्य होऊन विखुरली जाईल, ही भीती खरी ठरली. प्रांत तुटला, त्यांचा जिल्हा पाकिस्तानात गेला आणि ते आपल्या माणसांबरोबर राहिले. १० ऑगस्ट १९४७ रोजी कराचीत पाकिस्तानच्या संविधान सभेची पहिली बैठक भरली ती त्यांच्या अध्यक्षतेखाली. दुसऱ्या दिवशी जिनांची कायम अध्यक्ष म्हणून निवड झाली. मंडल कायदा आणि श्रम खात्याचे मंत्री झाले.

आता मधले पान. तेही लपवण्याचे कारण नाही. जिना १९४८ मध्ये गेले. मार्च १९४९ च्या उद्दिष्टांच्या ठरावाने राज्याला धर्माचा रंग दिला. खुलना जिल्ह्यातल्या काळशिरा गावात नमशूद्रांवर पोलिसांनी आणि जमावाने अत्याचार केले आणि १९५० च्या फेब्रुवारीत पूर्व बंगाल पेटला. एप्रिलमधला नेहरू-लियाकत करारही निर्वासितांचे लोंढे थांबवू शकला नाही. ८ ऑक्टोबर १९५० रोजी मंडल यांनी कलकत्त्याहून लियाकत अली खान यांना लांबलचक राजीनामापत्र लिहिले. त्यात गावांची नावे आहेत, घटना आहेत, आपण काय मागितले आणि काय नाकारले गेले याचा हिशेब आहे. कोर्टातला वकील कैफियत लिहितो तसे ते पत्र आहे. लीगने त्यांना फसवले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यांच्या वतीने इतरांनी ओरडून सांगायची गरज नाही.

संदेश इथे संपतो. मंडल मात्र पुढे अठरा वर्षे जगले, आणि तीही भारतात. परतलेल्या या माणसाला इथल्या कुठल्या पक्षाने जवळ केले? तिकडे ‘हिंदू’ म्हणून संशय, इकडे ‘पाकिस्तानचा मंत्री’ म्हणून संशय. ते निर्वासितांच्या चळवळीत उतरले, निवडणुका लढले आणि हरत राहिले. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या माणसांचे काय झाले? पूर्व बंगालातून आधी आलेल्या सवर्ण निर्वासितांना कलकत्त्याच्या आसपास पाय टेकता आले. मागून आलेल्या नमशूद्र शेतकऱ्यांना अंदमानात, दंडकारण्यात, जंगलात आणि खडकाळ माळावर पाठवले गेले. त्यातले काही परत फिरून सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर वसले, तर १९७९ मध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने नाकेबंदी आणि गोळीबार करून त्यांना हुसकावले. तेव्हा ना लीग होती, ना पाकिस्तान.

या गोष्टीचे एक टोक महाराष्ट्रातही आहे. तेव्हाच्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत बंगाली निर्वासितांची गावे वसवली गेली. त्यात नमशूद्र मोठ्या संख्येने आहेत. पश्चिम बंगालमध्ये नमशूद्र अनुसूचित जातींच्या यादीत आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. ज्या समाजाने बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवायला हातभार लावला, त्याच समाजाच्या मुलाला गडचिरोलीत शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना जातीचा रकाना सापडत नाही. मंडल यांच्या नावाने अश्रू ढाळणाऱ्यांनी आधी या रकान्याचे बोलावे.

मग मंडल यांचे काहीच चुकले नाही का? चुकले, पण ते ‘कोणाशी युती केली’ यात नव्हे. १९४३ मध्ये त्यांच्या मागे २१ मते होती, म्हणून अटी मान्य झाल्या. १९४७ मध्ये कराचीत ते एकटे होते. त्यांची माणसे हजार मैलांपेक्षा जास्त दूर, पूर्व बंगालात. खाते होते, खुर्ची होती, सही होती. ती सही नाकारली तर सरकारला धक्का बसेल अशी ताकद मात्र राहिली नव्हती. पूर्व बंगालच्या मंत्रिमंडळात अल्पसंख्याकांचे मंत्री घ्या, ही साधी मागणीही ते मान्य करून घेऊ शकले नाहीत.

पहिल्या पिढीतल्या पदवीधराला हा अनुभव परका नाही. विभागात, समितीत, न्यूजरूममध्ये, पक्षाच्या व्यासपीठावर आपल्याला एकट्याला बसवले जाते आणि त्यालाच प्रतिनिधित्व म्हटले जाते. खुर्ची नाकारू नये. ती मिळवायला पिढ्या गेल्या आहेत. पण बसण्यापूर्वी मंडल यांनी १९४३ मध्ये केले ते करावे : अटी लिहून घ्याव्यात. आणि १९४७ नंतर त्यांना जे जमले नाही ते जपावे : मागे उभी असलेली, विचारणारी, गरज पडली तर आपल्यालाही जाब विचारणारी माणसे.

पुढच्या वेळी तो संदेश आला, तर रागाने पुसून टाकू नका. उत्तरात १९३७ चा निकाल पाठवा, १९४३ च्या अटी पाठवा आणि मरिचझापीचे नाव पाठवा. मंडल यांचे राजीनामापत्र मात्र आधी स्वतः पूर्ण वाचा.